कंटेनर-इमेजवरील शिक्कामोर्तब : एक आढावा

संगणकाची आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची रीत गेल्या बारा-तेरा वर्षांत मुळापासून पालटली आहे. पूर्वी आज्ञावली एकीकडून येई, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या दुसरीकडून येत, आणि दोहोंचा मेळ बसविण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचे दिवस जात. २०१३ साली डॉकर पुढे आले आणि ही सर्व सामग्री तिच्या मांडणीसह एकाच इमेजमध्ये बांधून रजिस्ट्रीत ठेवण्याची, व तेथून हव्या त्या सर्व्हरवर उतरवून कंटेनर म्हणून चालविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. परंतु ह्या सोयीमुळे असे झाले की, जी वस्तू आपण आपल्या सर्व्हरवर चालवितो तिच्या अंतरंगात काय आहे हे चालविणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. तो केवळ नावावर विसंबतो. ती इमेज ज्याच्या नावाने आली त्यानेच घडविली काय, वाटेत किंवा रजिस्ट्रीत तिच्यात कोणी फेरफार केला काय, आणि ज्या गुप्त किल्लीने तिच्यावर सही झाली ती किल्ली नेमकी कोणाच्या हाती होती, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरार्थ गेल्या दशकात जे प्रयत्न झाले त्यांचा, आणि विशेषेकरून हार्डवेअर किल्लीच्या उपयोगाचा, परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

ज्या इंदूर शहरात छत्रीबागेसारखी वस्ती होळकर घराण्याच्या छत्र्यांवरून ओळखली जाते, त्या शहरातील मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. मराठेशाहीच्या दफ्तरातून सनद किंवा आज्ञापत्र निघे तेव्हा त्यावर मुद्रा उमटे, ती पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे सांगण्यासाठी. मजकूर संपताच मोर्तब उमटे, ते त्यापुढे कोणी एक ओळही वाढवू नये म्हणून. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून लांब पत्र सिद्ध केले असेल तर सांध्यावर पाठीमागून लहान शिक्का पडे, तो मधलाच बंद बदलला जाऊ नये म्हणून. आणि पत्राची दफ्तरात नोंद झाली की तशी खूण त्यावर होई. कर्त्याची ओळख, मजकुराची मर्यादा, सांध्यांची अभंगता आणि दफ्तरी नोंद ही चारही कामे आजच्या डिजिटल सहीला करावी लागतात. पाचवे काम मात्र शिक्क्याचे नव्हतेच. ते पत्र घेणाऱ्या अंमलदाराचे होते. शिक्का न पाहताच हुकूम बजावणारा अंमलदार असेल, तर उत्तमातल्या उत्तम मुद्रेचाही काही उपयोग होत नाही.

इमेजवरील सहीचे तंत्र थोडक्यात असे आहे. इमेज अनेक थरांची बनलेली असते. प्रत्येक थराचा शा-२५६ ह्या रीतीने हॅश काढतात, त्या सर्व हॅशांची यादी एका मॅनिफेस्टमध्ये लिहितात, आणि त्या मॅनिफेस्टचा पुन्हा हॅश काढतात. चौसष्ट अक्षरांच्या ह्या अखेरच्या हॅशला डायजेस्ट म्हणतात. कोणत्याही थरातला एक बिट बदलला तरी डायजेस्ट बदलतो. सांध्यांची राखण त्यामुळे आपोआपच होते. सही करावयाची ती ह्या डायजेस्टवर. कर्ता ती आपल्या खाजगी किल्लीने करतो, आणि त्याची सार्वजनिक किल्ली ज्याच्याजवळ असेल अशा कोणालाही ती पडताळून पाहता येते. तथापि इमेज मागविताना बहुतेक लोक डायजेस्ट लिहीत नाहीत, टॅग लिहितात. आणि टॅग हे हलविता येणारे नाव आहे. काल ‘लेटेस्ट’ ह्या टॅगखाली जी इमेज होती तीच आज असेल असा भरवसा नाही, आणि रजिस्ट्रीचा पासवर्ड ज्याच्या हाती पडला त्याला ते नाव दुसऱ्या इमेजवर लावण्यास एक क्षण पुरतो. म्हणून केवळ टॅगवर विसंबून सही करणे आणि केवळ टॅगवर विसंबून इमेज चालविणे, ह्या दोन्ही सवयी सहीचे प्रयोजनच नष्ट करतात.

येथवरचा भाग गणिताचा, आणि तो निर्विवाद आहे. खरा प्रश्न किल्लीच्या निवासाचा आहे. खाजगी किल्ली ही अखेर एक लहानशी फाइल. ती ज्या लॅपटॉपवर किंवा बिल्ड-सर्व्हरवर असेल तेथे शिरकाव करणाऱ्याला तिची नक्कल घेता येते, आणि मूळ फाइल जागच्या जागीच राहत असल्यामुळे चोरी झाल्याचे मालकाला कळतही नाही. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट ह्या विध्वंसक आज्ञावलीच्या ड्रायव्हरांवर तैवानमधील रिअलटेक आणि जेमायक्रॉन ह्या दोन कंपन्यांच्या अस्सल प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. सह्या खऱ्या, परंतु किल्ल्या चोरीच्या. अशा अनुभवांचा परिपाक म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्या ह्यांच्या सीए-ब्राउझर फोरमने १ जून २०२३ पासून असा दंडक घातला की, आज्ञावलीवर सही करण्याच्या सार्वजनिक प्रमाणपत्राची खाजगी किल्ली फिप्स १४०-२ ह्या मानकाच्या पातळी २ च्या किंवा तिच्या तोडीच्या हार्डवेअरमध्येच असली पाहिजे.

भारतात ही कल्पना त्याआधीच कचेऱ्यांत पोहोचली होती. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, आणि त्या कायद्याखाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या नियमांनुसार व्यक्तीच्या नावाने मिळणाऱ्या डिजिटल सहीची किल्ली ठराविक दर्जाच्या यूएसबी टोकनातच निर्माण व्हावी लागते. कंपनी निबंधकाकडील फॉर्म असो, जीएसटीचे विवरणपत्र असो की सरकारी ई-निविदा असो, टोकन लावून पिन देण्याची सवय आपल्या व्यापारी वर्गाला झाली ती ह्यामुळे. परंतु छत्रीबागेतल्या किंवा शहराच्या कोणत्याही जुन्या पेठेतल्या कर-सल्लागाराच्या कचेरीत डोकावून पाहावे, तर मेजाच्या खणात अशिलांची टोकने डब्यात एकत्र ठेवलेली आढळतात. प्रत्येकावर अशिलाच्या नावाची कागदी पट्टी, आणि पुष्कळदा त्याच पट्टीवर बॉलपेनने लिहिलेला पिन. ह्यात कोणाची लबाडी नसते. अशिलाला दर महिन्याला येऊन बसणे जमत नाही, मुदत टळली तर दंड बसतो, आणि सल्लागारावर त्याचा पुरा इतबार असतो. तरीही हार्डवेअर किल्लीने दोन हमी द्यावयाच्या असतात: किल्लीची नक्कल झालेली नाही ही एक, आणि सही होतेवेळी किल्लीच्या धन्याची संमती होती ही दुसरी. त्या डब्यात पहिली हमी शाबूत आहे, दुसरी नाहीशी झाली आहे. सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांनी हे दृश्य नीट ध्यानात घ्यावे. कारण बिल्ड-सर्व्हरच्या पाठीमागे कायमचे खोचलेले टोकन आणि स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला पिन हा त्याच डब्याचा प्रकार होय.

आता हार्डवेअर किल्लीने कंटेनर-इमेजवर सही कशी होते ते पाहू. यूबीकी, नायट्रोकी इत्यादी किल्ल्यांत पीआयव्ही नावाची व्यवस्था असते. अमेरिकन शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रासाठी ती मुळात ठरविली गेली. तीत निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे कप्पे नेमलेले असून ‘९सी’ हा कप्पा सहीचा आहे, आणि त्या कप्प्यातील किल्ली प्रत्येक सहीला नव्याने पिन मागते. कोसाइन ह्या मुक्त साधनाची पीआयव्ही-सह बांधलेली आवृत्ती घेऊन प्रथम टोकनाच्या आतच किल्लीची जोडी निर्माण करावयाची, सार्वजनिक किल्ली बाहेर काढून जपून ठेवावयाची, आणि खाजगी किल्ली बाहेर काढण्याचा मार्ग मुळातच नाही हे समजून असावयाचे. इमेज रजिस्ट्रीत चढविल्यावर जो डायजेस्ट मिळतो तो कोसाइनला द्यावा. ते पिन विचारते, किल्लीवरील दिवा लुकलुकू लागतो, धातूच्या बटनावर बोट टेकताच किल्ली आतल्या आत सही करून ती बाहेर देते, आणि ती सही त्याच रजिस्ट्रीत इमेजच्या शेजारी जमा होते. नव्या यूबीकीचा पिन कारखान्यातूनच १२३४५६ असा ठरलेला असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. पिन लागोपाठ तीनदा चुकला तर किल्ली कुलूपबंद होते आणि ती उघडण्यास दुसरा अंक, ज्यास पीयूके म्हणतात, लागतो, तोही बदलून वेगळ्या जागी ठेवावा. बोट टेकल्यावाचून सही होऊ नये अशी अट किल्ली निर्माण करतानाच घालता येते, आणि ती घालावीच; आणि किल्ली खरोखर टोकनातच जन्मली, बाहेरून आत घातलेली नाही, ह्याचा दाखलाही यूबीकी स्वतः देऊ शकते, तो सार्वजनिक किल्लीसोबत दफ्तरी ठेवावा.

हा मार्ग एकाएकी सापडलेला नाही. पहिला मोठा प्रयोग डॉकरचाच. ऑगस्ट २०१५ मध्ये डॉकर १.८ बरोबर ‘कंटेंट ट्रस्ट’ ही व्यवस्था आली; तिच्या मुळाशी नोटरी हे साधन आणि न्यूयॉर्क विद्यापीठात जस्टिन कॅपोस ह्यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली टफ ही अद्यतनांच्या सुरक्षिततेची विचारपूर्वक रचना होती. एकच किल्ली सर्वाधिकारी न करता मूळ किल्ली, मालाची किल्ली, कालनिदर्शक किल्ली असे अधिकार वाटून द्यावेत, म्हणजे एक हरपली तरी सर्वस्व जात नाही, हे टफचे तत्त्व आजही अबाधित आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाच्या डॉकर परिषदेत यूबीकी ४ सादर झाली, आणि मूळ किल्ली तिच्यात ठेवून बोटाच्या स्पर्शाने सही करण्याची सोय जाहीर झाली. कंटेनर आणि हार्डवेअर किल्ली ह्यांची गाठ पडली ती तेथे.

तरीही हा प्रयोग रुजला नाही, आणि न रुजण्याची कारणे उद्बोधक आहेत. पडताळणी मुळात बंदच ठेवलेली होती. ज्याला ती हवी त्याने प्रत्येक यंत्रावर ती आपण होऊन चालू करावयाची. हार्डवेअरमध्ये केवळ मूळ किल्ली जाई, रोजच्या सहीच्या किल्ल्या डिस्कवरच राहत. मूळ किल्ली हरवली तर ती परत मिळविण्याचा उपाय नव्हता. परिणामी जुलै २०२५ मध्ये डॉकरने ही व्यवस्था मोडीत काढण्याचे जाहीर केले, तेव्हा डॉकर हबवरून उतरविल्या जाणाऱ्या इमेजांपैकी ०.०५ टक्क्यांहूनही कमी ठिकाणी ती वापरात होती, आणि ऑफिशियल इमेजांच्या सर्वांत जुन्या प्रमाणपत्रांची मुदत ८ ऑगस्ट २०२५ पासून संपू लागली. व्यवस्थेचे गणित कोठेही चुकले नव्हते. तपासणारे जमले नाहीत, हेच तिच्या ऱ्हासाचे मुख्य कारण.

दुसरा मोठा प्रयत्न सिगस्टोअरचा. लिनक्स फाउंडेशनने मार्च २०२१ मध्ये तो जाहीर केला. गूगल, रेड हॅट आणि पर्ड्यू विद्यापीठ हे त्याचे आरंभीचे आधार. त्याची दिशा निराळी आहे: सामान्य कर्त्याने दीर्घायुषी किल्ली बाळगूच नये. तो आपल्या ईमेल-खात्याने ओळख पटवितो, फुल्सिओ हे प्रमाणपत्र-केंद्र त्याला दहा मिनिटांचे प्रमाणपत्र देते, तेवढ्यात सही होते, खाजगी किल्ली टाकून दिली जाते, आणि सहीची नोंद रेकॉर ह्या सार्वजनिक, मागे फिरून खोडता न येणाऱ्या वहीत होते. अनेक यंत्रांवर कंटेनर चालविण्याची व्यवस्था पाहणारी कुबरनेटिस ही मुक्त आज्ञावली; मे २०२२ मधील तिच्या १.२४ आवृत्तीपासून त्या प्रकल्पाने आपल्या इमेजांवर ह्याच रीतीने सह्या करण्यास आरंभ केला. भारतीय वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये; पुण्याच्या सी-डॅकची ‘ई-हस्ताक्षर’ सेवा तत्त्वतः हेच करते. आधारच्या ओटीपीने ओळख पटली की सेवेच्या हार्डवेअर मॉड्यूलमध्ये त्या एका सहीपुरती किल्ली जन्मते, तीस मिनिटांहून अधिक आयुष्य नसलेले प्रमाणपत्र मिळते, सही होते आणि किल्ली नष्ट केली जाते.

येथे कोणी म्हणेल की, मग हार्डवेअर किल्लीचे प्रयोजन संपले. वस्तुस्थिती उलट आहे. सिगस्टोअरच्या साऱ्या इमारतीचा पाया असलेली मूळ किल्ली १८ जून २०२१ रोजी पाच किल्लेदारांनी जाहीर समारंभात, जगाला थेट पाहता येईल अशा रीतीने, हार्डवेअर टोकनांवर निर्माण केली, आणि पाचांपैकी तिघांच्या सह्यांवाचून त्या पायात बदल होऊ शकत नाही अशी तजवीज केली. किल्लीविरहित म्हणविणारी व्यवस्थाही शेवटी कोणाच्या तरी खिशातल्या टोकनावरच उभी आहे. शिवाय तिला इंटरनेट लागते, बाहेरचा ओळखदाता लागतो, आणि सार्वजनिक वहीत नोंद लागते. बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या बँकेच्या, वीजमंडळाच्या किंवा शासकीय विदाकेंद्रात ह्यांपैकी काहीच सहजी मिळत नाही. तेथे टोकनाने केलेली सही एका सार्वजनिक किल्लीच्या बळावर, कोणालाही न विचारता, पडताळता येते.

ह्यावरून दोन्ही मार्गांची कामे वेगळी काढता येतात. रात्री-अपरात्री यंत्रे स्वतः होऊन बिल्ड करतात, तेव्हा बटनावर बोट टेकण्यास कोणी हजर नसते. त्या सह्या अल्पायुषी प्रमाणपत्राने किंवा हार्डवेअर मॉड्यूलच्या सेवेने व्हाव्यात. परंतु अमुक बिल्ड आता ग्राहकाकडे जावी, हा निर्णय माणसाचा आहे, आणि त्या निर्णयाची सही माणसाने आपल्या टोकनाने करावी. इमेज जेथे चालवावयाची त्या क्लस्टरच्या प्रवेशद्वारी दोन्ही सह्या मागाव्यात: यंत्राची, इमेज कोठे घडली हे सांगणारी, आणि माणसाची, ती सोडण्यास कोण जबाबदार हे सांगणारी.

हार्डवेअरविषयी अंधश्रद्धाही नसावी. ऑक्टोबर २०१७ मध्ये रोका ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या दोषामुळे इन्फिनिऑनच्या चिपांत निर्माण झालेल्या आरएसए किल्ल्या अनुमानाने काढता येऊ लागल्या; यूबीकी ४ च्या काही आवृत्त्या त्यात सापडल्या, आणि एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख नागरिकांच्या ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅबने त्याच कंपनीच्या दुसऱ्या लायब्ररीतील दोष दाखविला, जो चौदा वर्षे अनेक परीक्षांतून न सापडता राहिला होता. ५.७ पूर्वीच्या आवृत्तीच्या यूबीकी ५ किल्ल्या त्याने बाधित आहेत, आणि किल्लीतली आज्ञावली बदलता येत नसल्याने त्या किल्ल्याच बदलणे हा एकच उपाय उरतो. अर्थात त्या हल्ल्यास किल्ली प्रत्यक्ष हाती यावी लागते. म्हणून किल्ली हरवली की तिची सार्वजनिक किल्ली त्याच दिवशी यादीतून काढणे हे पथ्य अधिकच महत्त्वाचे ठरते. टोकनातील किल्लीची प्रत ठेवता येत नाही, तेव्हा दोन टोकने, दोन स्वतंत्र किल्ल्या आणि दोहोंची नोंद, हीच शहाणपणाची मांडणी.

ह्याहून सखोल अशा दोन मर्यादा आहेत. टोकनाला पडदा नसतो. त्याच्याकडे येतो तो केवळ हॅश, आणि ज्या संगणकाला ते जोडले आहे तोच बाधित असेल तर दाखविला एक डायजेस्ट आणि सहीस पाठविला दुसरा, असे घडू शकते. म्हणून सही करण्याचे यंत्र वेगळे आणि स्वच्छ असावे. दुसरी मर्यादा अशी की, सही कर्त्याची ओळख देते, मालाच्या गुणाची हमी देत नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात घातक भाग बिल्डच्या ओघातच मिसळला गेला होता. त्या अद्यतनावर कंपनीची खरीखुरी सही होती, आणि सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत ते त्या सहीच्या भरवशावर पोहोचले. इमेजमध्ये काय काय आहे त्याची यादी आणि ती कशी घडली त्याचा दाखला, हे दोन्ही सहीसोबत मागण्याची प्रथा त्यानंतर जोर धरू लागली; आपल्याकडे सर्ट-इननेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकयादीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

सह्या देणाऱ्यांवरही कोणाची नजर असावी लागते, ह्याचा दाखला आपल्याच देशातला आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या प्रमाणन प्राधिकरणाखालून गूगलच्या काही डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या निदर्शनास आले. नियंत्रकांनी संबंधित मधली प्रमाणपत्रे तत्काळ रद्द केली. रेकॉरसारखी सार्वजनिक वही ह्याच विचारातून येते: सहीची नोंद जगासमोर असली, तर आपल्या नावाने दुसऱ्याने केलेली सही मूळ धन्याला दिसू शकते.

आता शेवटचे आणि सर्वांत उपेक्षित अंग. कुबरनेटिस स्वतः होऊन कोणत्याही इमेजची सही तपासत नाही. ती तपासणी प्रवेशद्वारी बसवावी लागते; त्यासाठी काइव्हर्नो, सिगस्टोअरचा पॉलिसी-कंट्रोलर, रॅटिफाय अशी साधने मुक्तपणे उपलब्ध आहेत, आणि पॉडमॅन वापरणाऱ्यांना एका पॉलिसी-फाइलमध्ये कोणत्या रजिस्ट्रीला कोणती किल्ली मान्य हे लिहिता येते. काइव्हर्नो तर सही पडताळून टॅगच्या जागी डायजेस्ट लिहूनही देते, जेणेकरून तपासलेली इमेज आणि चाललेली इमेज एकच राहावी. परंतु ह्या साधनांना ‘केवळ नोंद करा’ आणि ‘अडवा’ असे दोन पवित्रे असतात, आणि चाचणीपुरता म्हणून घेतलेला पहिला पवित्रा कायमचाच होऊन बसतो, ही ह्या क्षेत्रातली सर्वसाधारण अवस्था आहे. काम खोळंबेल ह्या भीतीने पाटी लावली जाते, पण फाटक उघडेच राहते.

ह्या सर्व इतिहासाचा निर्णय एका वाक्यात सांगता येतो: कंटेनरांच्या बाबतीत सही करण्याची विद्या आपल्याला पुरेशी साधली आहे, नाकारण्याची शिस्त साधलेली नाही. हार्डवेअर किल्ली हे पहिल्या अर्ध्याचे आज उपलब्ध असलेले सर्वोत्तम साधन आहे, आणि काही हजार रुपयांत ते लहानातल्या लहान संस्थेला परवडते. दुसऱ्या अर्ध्याला पैसा लागत नाही, निश्चय लागतो. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील मोठ्या संकुलांत काम करणाऱ्या, तसेच जुन्या शहरातल्या एखाद्या माडीवर पाच-सहा जणांची कंपनी चालविणाऱ्या मराठी तरुणांना विनंती एवढीच की, ह्या आठवड्यात दोन टोकने मागवा, किल्ली त्यांच्या आतच निर्माण करा, पिन कोणाच्याही हवाली करू नका, एका लहानशा क्लस्टरवर विना-सहीची इमेज अडविण्याचा नियम लावा, आणि ती खरोखर अडते हे एकदा स्वतः करून पाहा.